रूट केलेल्या अँड्रॉइड फोनवर सिस्टम फाइल्स बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमांड, पाथ आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे. बूटलोडर (फोन चालू करताना सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक आहे आणि रूट (सिस्टमवरचा पूर्ण अधिकार) व्यवस्थित चालतंय असं धरून पुढची उत्तरं दिली आहेत. बूटलोडर अजून अनलॉक करायचा असेल तर आधी फोटो, चॅट, सगळं बाहेर काढा. अनलॉक करताना फोनमधला डेटा पुसला जातो, त्याला पळवाट नाही.

रूट आहे, सुपरयूजरची परवानगीही दिली. तरी फाइल सेव्ह करताना 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' का येतं?

रूट म्हणजे फक्त अधिकार. ज्या जागी लिहायचं ती जागाच लिहिण्यासाठी उघडी नसेल तर अधिकार असून उपयोग नाही. सिस्टम पार्टिशनला, म्हणजे मेमरीतल्या सिस्टमसाठी राखलेल्या भागाला, एकामागे एक अशी तीन कुलपं असतात.

पहिलं साधं आहे. पार्टिशन रीड-ओन्ली माउंट केलेलं, म्हणजे फक्त वाचण्यासाठी जोडलेलं असतं. जुन्या फोनवर ते रीड-राइट करून पुन्हा माउंट केलं की काम व्हायचं. इंटरनेटवरच्या निम्म्या जुन्या सूचना याच एका कुलपापुरत्या लिहिलेल्या आहेत, म्हणून त्या आज चालत नाहीत.

दुसरं कुलूप म्हणजे डीएम-व्हेरिटी, पार्टिशनमध्ये फेरफार झालाय का ते तपासणारी यंत्रणा. अँड्रॉइड ४.४ मध्ये ती आली आणि ७.० पासून तिची सक्ती झाली. पार्टिशनचे ४०९६ बाइटचे ब्लॉक पाडून प्रत्येकाचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काढतात, त्या हॅशचे पुन्हा हॅश, असं करत शेवटी एकच मूळ हॅश उरतो आणि त्याची खात्री सही केलेल्या माहितीतून होते. कर्नल (सिस्टमचा गाभा) ब्लॉक वाचतानाच हा हिशेब जुळवून बघतं. एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी तो ब्लॉक वाचायला नकार मिळतो किंवा फोन रीस्टार्ट होतो. रिकव्हरीमध्ये (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या मोडमध्ये) 'बदलांना परवानगी द्या' असं विचारणारी पट्टी काहीजण सहज सरकवतात आणि मग म्हणतात, 'मी तर काहीच बदललं नाही.' फाइल बदलली नसेलही, पण एक्स्ट४ (फाइल सिस्टमचा एक प्रकार) पार्टिशन रीड-राइट माउंट झालं की त्याच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे पार्टिशनच्या स्वतःच्या नोंदीत, शेवटच्या माउंटची वेळ आणि माउंटची संख्या लिहिली जाते. तेवढ्यानेही हॅश चुकतो.

तिसरं कुलूप फाइल सिस्टममध्येच आहे. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनपासून सिस्टम, व्हेंडर, प्रॉडक्ट ही सगळी पार्टिशन्स 'सुपर' नावाच्या एका मोठ्या पार्टिशनच्या पोटात गेली. त्यातली एक्स्ट४ इमेज बऱ्याचदा सारखे ब्लॉक एकत्र करून बनवलेली असते. एकच ब्लॉक दोन-तीन फाइल्सच्या वाट्याला आलेला असल्यामुळे कर्नल ती रीड-राइट माउंट करतच नाही. त्यापुढच्या बऱ्याच फोनवर ईआरओएफएस असते. ही फाइल सिस्टम फक्त वाचण्यासाठीच बनलेली आहे. तिथे कुलूप शोधण्यात अर्थ नाही, कारण दारच नाही.

माझ्या फोनवर यातलं काय आहे ते कसं ओळखायचं?

टर्मिनलमध्ये एसयू (रूटचा अधिकार घेणारी कमांड) देऊन 'माउंट' कमांड चालवा आणि नुसत्या तिरक्या रेघेवर किंवा /सिस्टम वर काय बसलंय ती ओळ बघा. तिथे ईआरओएफएस दिसलं तर विषय संपला, थेट लिहिता येणार नाही. एक्स्ट४ दिसलं तर 'गेटप्रॉप आरओ.बूट.व्हेरिटीमोड' बघा; गेटप्रॉप सिस्टममध्ये नोंदलेली किंमत दाखवतं. उत्तर 'एन्फोर्सिंग' आलं तर व्हेरिटी चालू आहे.

ओळीच्या सुरुवातीला डीएम-४ किंवा डीएम-७ असं काही दिसलं म्हणून लगेच व्हेरिटी चालू आहे असं समजू नका. सुपरमधली पार्टिशन्स जोडायलाही तेच डिव्हाइस मॅपर वापरलं जातं.

'डीएफ' कमांडमध्ये सिस्टम १०० टक्के भरलेली दिसते. जागा मोकळी करावी लागेल का?

नाही. इमेज बनवतानाच ती आतल्या फाइल्सच्या मापाची कापलेली असते. भरलेली दिसणं हीच तिची नेहमीची अवस्था.

मग नव्या फोनवर सिस्टम फाइल बदलतात तरी कशी?

बदलत नाहीत, पांघरतात. मूळ फाइल जागच्या जागी राहते, तिच्यावर तुमची फाइल बाइंड माउंटने बसवली जाते. ॲपने तो पाथ उघडला की त्याला तुमची फाइल मिळते. पार्टिशनमधला एकही ब्लॉक हलत नाही, त्यामुळे व्हेरिटीची तक्रार नाही. २०१६ मध्ये आलेल्या मॅजिस्क या रूट देणाऱ्या साधनाने ही पद्धत रुळवली. कर्नलएसयू आणि एपॅच वेगळ्या वाटेने रूट देतात, पण मॉड्यूलची, म्हणजे पांघरायच्या फाइल्सच्या गठ्ठ्याची, कल्पना तीच.

आमचा सल्ला सरळ आहे. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या फोनवर सिस्टम पार्टिशन लिहिण्याजोगं करण्याच्या मागे लागू नका. सुपर पार्टिशन उलगडून, इमेज मोठी करून, पुन्हा बांधून ते जमतं. पण दोन किलोबाइटच्या फाइलसाठी एवढा खटाटोप, आणि पुढच्या अपडेटला तो सगळा पाण्यात.

मॉड्यूल स्वतः बनवायला प्रोग्रामिंग यावं लागतं का?

अजिबात नाही. मॉड्यूल म्हणजे एक फोल्डर. सुरू होतानाची ॲनिमेशन बदलायचं उदाहरण घेऊ, कारण त्यात चुकलं तरी फोन बंद पडत नाही, फक्त काळा पडदा दिसतो. पहिल्या प्रयोगाला हेच बरं.

आधी मूळ फाइल कुठे आहे ते शोधा. बूटॲनिमेशन.झिप कधी /सिस्टम/मीडिया मध्ये असते, कधी /प्रॉडक्ट/मीडिया मध्ये. काही कंपन्या ही झिप वापरतच नाहीत, त्यांचा फॉरमॅट वेगळा असतो; तिथे ही कृती लागू नाही.

मग /डेटा/एडीबी/मॉड्यूल्स च्या आत 'बूटॲनिम' असा फोल्डर करा. त्यात मॉड्यूल.प्रॉप नावाची फाइल ठेवा. तिच्यात सहा ओळी लागतात: आयडी, नेम, व्हर्जन, व्हर्जनकोड, ऑथर, डिस्क्रिप्शन. प्रत्येक ओळीत नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत, मध्ये जागा न सोडता. आयडी फोल्डरच्या नावासारखाच ठेवा आणि व्हर्जनकोड पूर्णांक असू द्या. आता 'बूटॲनिम' मध्येच 'सिस्टम' नावाचा फोल्डर करून आत मूळ पाथ जसाच्या तसा उभा करा. मूळ फाइल /प्रॉडक्ट/मीडिया मध्ये असेल तर मॅजिस्कच्या मॉड्यूलमध्ये ती सिस्टम/प्रॉडक्ट/मीडिया मध्ये जाते. व्हेंडरचंही तसंच. फोल्डरना ०७५५, फाइलला ०६४४ परवानगी द्या आणि फोन रीस्टार्ट करा.

काळा पडदाच दिसला तर झिपकडे बघा. दोन चुका नेहमीच्या. एक, झिप दाबून बनवलेली असते. ॲनिमेशन दाखवणारा प्रोग्राम न दाबता ठेवलेली चित्रंच घेतो, म्हणून झिप करताना 'स्टोअर', म्हणजे शून्य कॉम्प्रेशन निवडा. दुसरी चूक डेस्क.टीएक्सटी मध्ये असते. पहिल्या ओळीत रुंदी, उंची आणि एका सेकंदाला किती चित्रं ते लिहितात, उदाहरणार्थ '१०८० २४०० ३०'. पुढे 'पी १ ० पार्ट०' म्हणजे पहिला भाग एकदा, आणि 'पी ० ० पार्ट१' म्हणजे दुसरा भाग फोन सुरू होईपर्यंत पुन्हापुन्हा. शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला नसेल तर ती ओळ वाचलीच जात नाही. पहिला भाग एकदा दिसून ॲनिमेशन गायब झाली, तर हाच एंटर राहिलाय.

जुना फोन आहे, अँड्रॉइड ७ किंवा ८. तिथे थेट बदलता येईल?

येईल, व्हेरिटी बंद असेल तर. क्रम असा ठेवा: मूळ फाइलची प्रत फोनच्या मेमरीत आणि कॉम्प्युटरवर घ्या, 'माउंट -ओ आरडब्ल्यू,रीमाउंट /सिस्टम' द्या, फाइल बदला, परवानग्या तपासा, 'सिंक' द्या, मग 'आरडब्ल्यू' च्या जागी 'आरओ' टाकून पुन्हा रीमाउंट करा आणि फोन रीस्टार्ट करा. '/सिस्टम हे प्रॉक/माउंट्स मध्ये नाही' अशा अर्थाचा एरर आला तर तुमच्या फोनवर सिस्टम हीच मूळ डिरेक्टरी आहे. /सिस्टम ऐवजी नुसती तिरकी रेघ द्या.

फाइल अगदी बरोबर टाकली, तरी फोन लोगोवरच अडकतो. काय चुकलं असेल?

दहातल्या आठ वेळा फाइलचा मजकूर बरोबर असतो आणि तिच्या भोवतीच्या तीन गोष्टींपैकी एक चुकलेली असते: मालक, परवानगी, एसई-लिनक्स कॉन्टेक्स्ट (फाइलला कोणी हात लावायचा ते ठरवणारं सुरक्षेचं लेबल).

/सिस्टम/ईटीसी, /सिस्टम/फॉन्ट्स, /सिस्टम/ॲप मधल्या फाइल्स साधारणपणे रूट:रूट मालकीच्या आणि ०६४४ असतात, फोल्डर ०७५५. /सिस्टम/बिन मधल्या प्रोग्रामना ०७५५ आणि ग्रुप 'शेल' लागतो. सिस्टमचा नेहमीचा कॉन्टेक्स्ट 'यू:ऑब्जेक्ट_आर:सिस्टम_फाइल:एस०'. व्हेंडरमध्ये तो वेगळा असतो आणि तिथेच लोक फसतात. पाठांतर करण्यापेक्षा बदलण्याआधी 'एलएस -एलझेड' देऊन मूळ फाइलची ओळ कुठेतरी लिहून ठेवा. नंतर सीएचमॉड (परवानगी), सीएचओन (मालक) आणि सीएचकॉन (कॉन्टेक्स्ट) वापरून नव्या फाइलची ओळ तशीच्या तशी करा.

हे बिघडतं कसं, तेही सांगतो. फाइल मॅनेजरमधले कित्येक एडिटर मूळ फाइलमध्ये लिहीत नाहीत. ते शेजारी नवी फाइल करतात, जुनी पुसतात आणि नवीला जुनीचं नाव देतात. नाव तेच, पण मालक आणि परवानगी नव्या फाइलची. 'कॅट नवी > जुनी' असं केलं तर फक्त मजकूर बदलतो, बाकी सगळं टिकतं. फोनच्या मेमरीतून 'एमव्ही' ने फाइल आणणं सगळ्यात वाईट, कारण तिकडचा मालक आणि तिकडच्या परवानग्या सोबत येऊ शकतात.

एसई-लिनक्स 'परमिसिव्ह' केलं, म्हणजे अडवणं बंद करून फक्त नोंद ठेवायला लावलं, की हा त्रास जातो म्हणे?

त्रास जातो आणि घराचं दारही उघडं राहतं. अँड्रॉइड ५ पासून प्रत्येक ॲप आणि सेवेला जे कुंपण घातलंय ते तुम्ही सगळ्यांसाठी काढून टाकता. कारण शोधण्यापुरतं पाच मिनिटं परमिसिव्ह करून 'लॉगकॅट' (फोनच्या नोंदी दाखवणारी कमांड) मध्ये 'एव्हीसी: डिनाइड' ही ओळ बघायला हरकत नाही. नेमका कुठला कॉन्टेक्स्ट नाकारला गेला ते तिथे लिहिलेलं असतं. कॉन्टेक्स्ट दुरुस्त करा आणि पुन्हा एन्फोर्सिंगवर या. बूट होताना दरवेळी परमिसिव्ह करणारं मॉड्यूल कोणी दिलं तर टाकू नका.

बिल्ड.प्रॉप (सिस्टमच्या किमती ठेवणारी फाइल) मध्ये ओळ बदलली, पण 'गेटप्रॉप' जुनीच किंमत दाखवतं.

बिल्ड.प्रॉप आता एक नाही. सिस्टम, व्हेंडर, प्रॉडक्ट, ओडीएम, सिस्टम_एक्स्ट असं प्रत्येकाचं वेगळं असतं आणि तीच ओळ दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर ती तुमच्या ओळीवर मात करू शकते. त्यात 'आरओ.' ने सुरू होणारी किंमत एकदा ठरली की नेहमीच्या 'सेटप्रॉप' ने बदलत नाही.

फाइलला हातच लावू नका. मॅजिस्कचं 'रीसेटप्रॉप' 'आरओ.' च्या किमतीही बदलतं, आणि मॉड्यूलमध्ये सिस्टम.प्रॉप नावाच्या फाइलमध्ये ती ओळ ठेवली की दर बूटला आपोआप लागू होते. आधी टर्मिनलमधून रीसेटप्रॉपने करून बघा. हा बदल रीस्टार्टला निघून जातो, त्यामुळे बिघडलं तर फक्त फोन बंद-चालू करायचा. मात्र काही सेवा ती किंमत फक्त सुरू होताना वाचतात, तेव्हा लगेच परिणाम दिसला नाही म्हणून ओळ चुकीची ठरवू नका.

स्क्रीनवरच्या अक्षरांचा आकार बदलण्यासाठी बिल्ड.प्रॉप उघडणाऱ्यांना वेगळं सांगतो. त्यासाठी रूटही लागत नाही. एडीबीवर (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देण्याचं साधन) 'डब्ल्यूएम डेन्सिटी' आणि हवा तो आकडा द्या. नाही आवडलं तर 'डब्ल्यूएम डेन्सिटी रीसेट'.

साइट अडवायला होस्ट्स फाइलमध्ये ओळी टाकल्या, तरी साइट उघडतेच.

मॅजिस्कच्या सेटिंगमध्ये 'सिस्टमलेस होस्ट्स' चालू करून एकदा रीस्टार्ट केलंय का ते बघा. मग ओळ तपासा: आधी ०.०.०.० किंवा १२७.०.०.१, मग जागा, मग नुसतं डोमेन. पुढे 'एचटीटीपीएस' किंवा तिरकी रेघ नको. तारका टाकून सगळी उपडोमेन्स एका ओळीत अडवता येत नाहीत, प्रत्येक नाव वेगळं लिहावं लागतं. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा; जुनं उत्तर त्याच्या लक्षात असतं.

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट फोनवर 'नॉट फाउंड' म्हणते, फाइल तर समोर दिसतेय!

ओळीच्या शेवटी विंडोज दोन अदृश्य अक्षरं टाकतं, अँड्रॉइडला एकच हवं असतं. एडिटरमध्ये लाइन एंडिंग 'एलएफ' करून सेव्ह करा.

कंपनीने भरलेली नको असलेली ॲप्स सिस्टममधून उडवू का?

उडवण्याची गरज नाही. 'पीएम अनइन्स्टॉल -के --यूजर ०' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की ॲप तुमच्यापुरतं जातं. रूट लागत नाही आणि पश्चात्ताप झाला तर 'सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग' ने परत येतं. जागा वाचत नाही, हे खरं. पण सिस्टम पार्टिशनमधली वाचलेली जागा तुम्हाला फोटो ठेवायला मिळणारच नव्हती.

रूट वापरूनच लपवायचं असेल तर मॉड्यूलमध्ये मूळ पाथप्रमाणेच त्या ॲपच्या नावाचा फोल्डर करून त्यात 'बिंदू-रिप्लेस', म्हणजे टिंबाने सुरू होणारी 'रिप्लेस' नावाची रिकामी फाइल ठेवा. मूळ फोल्डर झाकला जातो.

उलट दिशेने, म्हणजे एखादं ॲप /सिस्टम/प्रिव्ह-ॲप मध्ये बसवताना जास्त जपा. अँड्रॉइड ८ पासून अशा ॲपला मिळणाऱ्या खास परवानग्या ईटीसी/परमिशन्स मधल्या एक्सएमएल फाइलमध्ये नोंदवाव्या लागतात. नोंद राहिली तर फक्त ते ॲप अडत नाही, सिस्टम सर्व्हर सुरू होतानाच कोसळतो आणि फोन पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहतो. ॲप आणि त्याची एक्सएमएल एकाच मॉड्यूलमध्ये ठेवा.

टर्मिनलमध्ये बदल दिसतो, ॲप्सना मात्र दिसत नाही.

तुम्ही हाताने केलेला बाइंड माउंट तुमच्या शेलच्या माउंट नेमस्पेसपुरता, म्हणजे फक्त त्याच शेलला दिसणाऱ्या माउंटच्या यादीपुरता राहिला. मॅजिस्कमध्ये 'एसयू -एमएम' ने शेल उघडून तोच माउंट पुन्हा करा.

व्हीबीमेटा (पार्टिशन तपासायची सही केलेली माहिती) बंद करणं कधी लागतं?

नुसत्या मॉड्यूलसाठी सहसा लागत नाही. सिस्टम किंवा व्हेंडरची बदललेली इमेजच फ्लॅश करायची, म्हणजे पार्टिशनवर लिहायची असेल तेव्हा लागतं. फोनवर आत्ता जी फर्मवेअर आवृत्ती आहे, तिच्यातलीच व्हीबीमेटा इमेज घ्या आणि फास्टबूटमध्ये (बूटलोडरचा फ्लॅश करण्याचा मोड) '--डिसेबल-व्हेरिटी --डिसेबल-व्हेरिफिकेशन' हे दोन पर्याय लावून ती फ्लॅश करा. काही फोन त्यानंतर डेटा फॉरमॅट केल्याशिवाय सुरू होत नाहीत. बॅकअप आधी, व्हीबीमेटा नंतर.

बॅकअप नेमका कशाचा?

बूट पार्टिशनचा सगळ्यात आधी. अँड्रॉइड १३ घेऊन आलेल्या फोनवर मॅजिस्क 'इनिट_बूट' नावाचं पार्टिशन पॅच करतं (त्यात आपले बदल घालतं), तिथे त्याचाही. हा बॅकअप पॅच करण्याआधीच्या, मूळ इमेजचा हवा. ती कंपनीच्या फर्मवेअरमधून काढलेली असली तर उत्तम. त्याशिवाय व्हीबीमेटा, पर्सिस्ट ही पार्टिशन्स, आणि क्वालकॉमची चिप असलेल्या फोनवर मोडेमएसटी१ व मोडेमएसटी२. शेवटच्या दोन्हींत नेटवर्कची या एकाच फोनपुरती माहिती असते, दुसऱ्या फोनची प्रत चालत नाही. ती प्रत कोणाला देऊही नका.

'डीडी आयएफ=/डेव्ह/ब्लॉक/बाय-नेम/पर्सिस्ट ओएफ=/एसडीकार्ड/पर्सिस्ट.आयएमजी' ही कमांड पुरते. दोन स्लॉटच्या (सिस्टमचे दोन संच ठेवणाऱ्या) फोनवर बूटसारख्या नावापुढे _ए किंवा _बी लागतो. चालू स्लॉट कुठला ते 'गेटप्रॉप आरओ.बूट.स्लॉट_सफिक्स' सांगतं. आयएफ आणि ओएफ यांची अदलाबदल झाली तर बॅकअप घेण्याऐवजी पार्टिशनच खराब होईल, म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा. फाइल कॉम्प्युटरवर नेल्यावर दोन्हीकडे एसएचए२५६सम (फाइलचा हॅश) जुळवा. बॅकअप फक्त फोनमध्येच ठेवला तर तो बॅकअप नव्हे.

मॉड्यूल टाकल्यावर बूटलूप, फोन सुरू न होता पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो. आता?

दहा मिनिटं थांबा. मग सेफ मोड करून बघा: ॲनिमेशन सुरू झाली की आवाज कमी करायचं बटण दाबून धरा. फोन सेफ मोडमध्ये उघडला तर मॅजिस्क सगळी मॉड्यूल्स बंद करतं आणि पुढच्या साध्या बूटलाही ती बंदच राहतात. मग एकेक चालू करत दोषी शोधा.

तेही जमलं नाही आणि यूएसबी डीबगिंग आधीच चालू असून कॉम्प्युटरला परवानगी दिलेली असेल, तर केबल लावून 'एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स' द्या आणि फोन रीस्टार्ट करा. योग्य क्षणी कमांड आपोआप घुसते. यात सगळी मॉड्यूल्स पुसली जातात.

शेवटचा हमखास उपाय म्हणजे फास्टबूटमधून मूळ बूट किंवा इनिट_बूट फ्लॅश करणं. रूट गेलं की मॉड्यूल्स लागत नाहीत आणि फोन उघडतो. पण ती अजून /डेटा/एडीबी मध्येच बसलेली असतात. पुन्हा रूट केलंत की बूटलूप परत हजर, म्हणून रूट केल्यानंतरचा पहिला बूट सेफ मोडमध्येच करा.

ओटीए (कंपनीकडून थेट फोनवर येणारं) अपडेट येईल का?

येईल, बसेलच असं नाही. अँड्रॉइड ५ पासून ओटीए एकेक फाइल न बघता थेट पार्टिशनचे ब्लॉक बघतं. पार्टिशनला थेट हात लावला असेल तर छोटं अपडेट नापास होतं. फक्त मॉड्यूल्स असतील आणि फोन दोन स्लॉटचा असेल तर मॅजिस्कमध्ये 'रिस्टोअर इमेजेस' करा, अपडेट बसवा, त्याने मागितलेला रीस्टार्ट देऊ नका, परत मॅजिस्कमध्ये येऊन 'निष्क्रिय स्लॉटमध्ये इन्स्टॉल' करा आणि मग रीस्टार्ट. आधीच्या अँड्रॉइड आवृत्तीतून उचललेल्या फॉन्ट किंवा फ्रेमवर्कच्या फाइल्स असतील तर ती मॉड्यूल्स मोठ्या अपडेटआधी बंद करा.

बँकेची ॲप्स चालतील का?

खात्री धरू नका. अनलॉक केलेला बूटलोडर हार्डवेअरच्या पातळीवर कळतो, फाइल्स कितीही सफाईने झाकल्या तरी. आज चाललेला उपाय उद्या बंद पडतो.

फोन विकायचाय. बूटलोडर पुन्हा लॉक करू?

आधी सगळी पार्टिशन्स कंपनीच्या मूळ फर्मवेअरने भरा, फोन एकदा पूर्ण सुरू होऊ द्या आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' चालू ठेवा. मगच लॉक करा; लॉक करतानाही डेटा पुसला जातो. पॅच केलेलं बूट किंवा बदललेली सिस्टम आत असताना लॉक केलं तर बूटलोडर ते सुरू करणार नाही, आणि लॉक असल्यामुळे फास्टबूटही दुसरं काही फ्लॅश करू देणार नाही.